ताट रिकामं परत करू नये

दर वर्षी वीस डिसेंबर उलटला की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज येतो. मजकूर थोडाफार बदलतो, मुद्दा तोच असतो. 'मेरी ख्रिसमस' म्हणू नका, त्यांच्या घरी जाऊ नका, त्यांच्या सणाचं काही खाऊ नका, नाहीतर ईमान धोक्यात येईल. खाली दहा जणांना पुढे पाठवायची सूचना. पाठवणारा कुणी आलिम नसतो. एखादा मामेभाऊ असतो, आणि त्यालाही तो कुठून तरी आलेला असतो. चार-पाच जण 'जझाकल्लाह' लिहितात आणि विषय तिथेच संपतो.

मी या मेसेजला कधी उत्तर दिलं नाही. घरच्या ग्रुपवर वाद कशाला, असं म्हणून सोडून देत आले. पण एका वर्षी मी नुसती गप्प बसले नाही, तर तो मेसेज पाळला. त्या वर्षी काय झालं ते आधी सांगते, मग माझं म्हणणं मांडते.

नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं लहानपण गेलं. लग्नानंतरही मी त्याच गावात राहिले, शाळेत नोकरी लागली तीही तिथेच. माहेरच्या घराला लागून एक ख्रिस्ती कुटुंब आहे. त्या घरातल्या बाईंना आम्ही भावंडं मावशी म्हणतो. मावशी शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त आहेत. पंचवीस डिसेंबरला सकाळची उपासना आटोपली की त्या स्टीलचं मोठं ताट घेऊन आमच्या दारात येत. वर क्रोशाचा पांढरा रुमाल. दारातूनच 'सलाम' म्हणत. त्यांच्या घरातली जुनी माणसं आपसातही 'सलाम'च म्हणायची. त्यामुळे लहानपणी मला कितीतरी दिवस वाटायचं, की हे लोक आपलेच कुणीतरी लांबचे नातेवाईक असावेत.

त्या ताटात करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या, शेव, रव्याचे लाडू आणि बाजूला केकचे चार तुकडे असत. शहरातल्या लोकांना हे वाचून नवल वाटतं. नाताळ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे लाल टोपी, प्लास्टिकचं झाड आणि काचेच्या कपाटातला केक येतो. पण मराठी ख्रिस्ती माणसाच्या घरात नाताळचासुद्धा फराळच असतो. दिवाळीत हिंदू घरात जो वास येतो तोच वास डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मावशींच्या घरातून यायचा. भाजणीचा, तुपाचा, भाजलेल्या खोबऱ्याचा आणि खसखशीचा.

करंज्या करायला त्यांच्या जावा, नणंदा, शेजारणी जमत. कुणी पाऱ्या लाटत, कुणी सारण भरत, कुणी कातणाने कडा कापत. माझी अम्मी त्या दिवशी हमखास तिथे असे. मैद्यात मोहन किती घालायचं, यावर तिचा आणि मावशींचा दर वर्षी वाद व्हायचा. अम्मीच्या मते मावशी तुपाची कंजुषी करत. मावशींच्या मते अम्मी करंजी करत नव्हती, तेलात विरघळवत होती.

केक आणि नानकटाई मात्र घरी भाजत नसत. आमच्या गावात एक भट्टी होती, एका मुसलमान चाचांची. रवा, मैदा, साखर, तूप घरून न्यायचं आणि तिथे भाजून घ्यायचं. डिसेंबरमध्ये पत्र्याच्या ट्रेवर नावांच्या चिठ्ठ्या लावलेल्या असत, आणि त्यातली निम्मी नावं तरी चर्चच्या गल्लीतली असत. मावशींचा केक त्याच भट्टीत फुलायचा. त्यांनी त्यात कधी दारू घातली नाही. काळ्या मनुका, बेदाणे, टूटीफ्रूटी संत्र्याच्या रसात भिजवत. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "अगं, आमच्याकडेही चालत नाही, आणि तुमच्याकडे ताट यायचं असतं."

ताट आमच्याकडे आलं की रिकामं होऊन धुतलं जायचं, पण रिकामं परत जायचं नाही. अम्मीचा नियम ठरलेला होता. "खाली बरतन नै देते बेटी, बरकत जाती." घरात काहीच नसलं तर वाटीभर साखर तरी. रमजान ईदला आमच्याकडून शीरखुर्म्याचं पातेलं जायचं, बकरी ईदला मटण जायचं. मावशी बकरी ईदच्या आधीच सांगून ठेवत, "माझा वाटा हाडासकट दे गं, रस्सा करायचाय."

एक नाताळ मला विशेष आठवतो. सन २०००. चंद्राचं वर्ष दर साली दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतं, त्यामुळे त्या वर्षी रमजान डिसेंबरात आला होता आणि नाताळ रोज्यांच्या शेवटच्या अशऱ्यात. ईद तीन दिवसांवर होती. त्या पंचवीस तारखेला मावशी सकाळी आल्याच नाहीत. संध्याकाळी सहाच्या आधी ताट घेऊन आल्या आणि ओट्यावर बसून राहिल्या. अम्मी म्हणाली, आत या. त्या म्हणाल्या, "आधी तुमचं सुटू दे." अजान झाली. आम्ही खजुरावर रोजा सोडला आणि त्यानंतर पहिला घास मावशींच्या करंजीचा खाल्ला. आमच्याबरोबर त्याही खायला बसल्या. सकाळपासून घरात फराळ असूनही त्यांनी तोंडात काही टाकलं नव्हतं, हे मला खूप नंतर कळलं.

आता त्या वर्षाबद्दल, ज्याची मला लाज वाटते.

अम्मी गेल्यानंतरची गोष्ट आहे. ती गेल्यावर मावशींचं ताट माझ्या घरी यायला लागलं होतं. त्या काळात मी एका ठिकाणी दर्सला जात होते. तिथे मला चांगल्या गोष्टीही मिळाल्या. कुरआन अर्थासह वाचायची सवय तिथेच लागली. पण डिसेंबरात तिथे सांगण्यात आलं, की गैरांच्या सणाचं खाणं म्हणजे त्या सणाला मान्यता देणं. मला ते पटलं होतं असं म्हणता येणार नाही. पण 'शिकलेली बाई, मुलांना शिकवते आणि स्वतः मात्र पाळत नाही' असं कुणी म्हणू नये, एवढंच डोक्यात होतं.

मावशी ताट घेऊन आल्या. मी हसून घेतलं, चहा पाजला. त्या गेल्यावर रुमाल उचलूनही पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी सगळं एका पिशवीत भरून घरकामाला येणाऱ्या बाईला देऊन टाकलं. ताट घासलं, पुसलं आणि परत करायला गेले. रिकामं. घरात काहीच नव्हतं असं नाही. ताटात काही घातलं तर ती देवाणघेवाण होईल, आणि देवाणघेवाण म्हणजे सणात सामील होणं, असा हिशेब मी डोक्यात करून ठेवला होता.

मावशींनी ताट हातात घेतलं. त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "बरं नव्हतं का गं तुला?"

मी म्हटलं, हो, जरा ताप होता.

मला वाटलं विषय मिटला. पण पुढच्या वर्षी पंचवीस डिसेंबरला मावशी आल्या तेव्हा हातात ताट नव्हतं. बेकरीतला खोका होता. बिनअंड्याचा केक, वर हिरवा ठिपका, कागदी रिबन. दारातच उभ्या राहून त्या म्हणाल्या, "हे बाहेरचं आहे, पॅकबंद. हे चालेल ना?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. माझी अडचण त्यांना कळली होती आणि त्यांनी आपल्या परीने त्यावर मार्ग काढला होता. मला वाटतं, त्या दिवशी त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

तो खोका कितीतरी दिवस फ्रिजमध्ये पडून होता. मी विचार करत राहिले. घरच्या करंजीत असं काय असतं, जे या खोक्यात नाही? चव म्हणावी, तर बेकरीतला केक चवीला चांगलाच होता. स्वच्छतेत काही कमी नव्हती. फरक एवढाच, की खोका कुणीही कुणालाही देऊ शकतो. ऑफिसात साहेबाला देतात, सोसायटीच्या वॉचमनला देतात. तो घ्यायला देणाऱ्यावर भरवसा लागत नाही, भरवसा छापील ठिप्प्यावर असतो. घरचं ताट देणारा म्हणतो, हे माझ्या हातचं आहे, माझ्या चुलीवरचं, माझ्या भांड्यातलं. घेणारा ते खातो तेव्हा त्या हातावर, त्या चुलीवर आणि त्या भांड्यावर विश्वास ठेवतो. माझ्या वागण्याने मावशींना कळलं होतं, की त्यांच्या हातावर माझा विश्वास राहिलेला नाही.

धर्माच्या नावाखाली मी हे केलं होतं, म्हणून पुन्हा धर्माकडेच गेले. मी आलिम नाही, फतवा देण्याची माझी पात्रता नाही. पण उर्दू मला येते, अर्थासह कुरआन मी वाचते, आणि जे वाचलं ते सांगण्याचा अधिकार प्रत्येक वाचणाऱ्याला आहे.

कुरआनच्या पाचव्या सूरेचं नावच 'अल-माइदा' आहे. माइदा म्हणजे अन्नाने भरलेला दस्तरखान. याच सूरेच्या पाचव्या आयतीत ज्यांना आधी ग्रंथ दिले गेले त्यांचं अन्न मुसलमानांसाठी आणि मुसलमानांचं अन्न त्यांच्यासाठी हलाल असल्याचं सांगितलं आहे. मांस असेल तर जबह कसं झालं, यावर उलेमांनी बरीच चर्चा केली आहे आणि ती चर्चा महत्त्वाची आहे. पण चकली आणि शंकरपाळीला ती लागू होत नाही. आणि हे अन्न दोन्हीकडून हलाल ठरवलेलं आहे, इकडे मी नेहमी लक्ष वेधते. त्यांनी आपलं खावं आणि आपण त्यांचं नाकारावं, असं तिथे म्हटलेलं नाही.

सूरेला ज्या दस्तरखानावरून नाव मिळालं तो प्रसंग शेवटाकडे येतो. हजरत ईसा यांचे साथीदार त्यांना म्हणतात, की आकाशातून आमच्यासाठी अन्नाने भरलेला दस्तरखान उतरावा. तेव्हा हजरत ईसा अल्लाहकडे तो मागतात आणि आधीच्यांसाठी आणि नंतरच्यांसाठीही ती ईद ठरावी अशी विनवणी करतात. सगळ्या कुरआनमध्ये 'ईद' हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणी येतो. हजरत ईसा यांच्या तोंडी, आणि तोही जेवणाच्या संदर्भात.

दुसरी सूरा मरियम. बीबी मरियम प्रसूतीच्या कळांनी व्याकूळ होऊन खजुराच्या झाडाच्या बुंध्याशी येतात. एकट्या, घाबरलेल्या, लोक काय म्हणतील या भीतीने खचलेल्या. तेव्हा त्यांना सांगितलं जातं, की दुःख करू नकोस, झाडाचा बुंधा आपल्याकडे हलव, ताजे पिकलेले खजूर पडतील, ते खा. हजरत ईसा यांच्या जन्माच्या कथेतलं पहिलं गोड खाणं म्हणजे हे खजूर. आमची नानी आयुष्यात चर्चमध्ये गेली नाही, पण श्रीरामपूरजवळच्या हरेगावला मतमाउलीची यात्रा भरली की म्हणायची, "बीबी मरियम की जत्रा लगी." तिला दोन धर्मांतला फरक कळत नव्हता असं नाही. दोन्हीकडे आई तीच आहे, हेही तिला कळत होतं.

आणि शेजाऱ्यांबद्दलची हदीस तर आपण मुलांना मकतबमध्ये शिकवतो. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे वाटा पाठवला का, असं त्यांनी घरच्यांना विचारलं. वर सांगितलं, की शेजाऱ्याबद्दल जिब्रईल इतक्या वेळा बजावत राहिले, की शेजाऱ्याला वारसाहक्कच देतात की काय, असं पैगंबर साहेबांना वाटू लागलं होतं. ही हदीस आपण सांगतो आणि 'यहुदी' हा शब्द पटकन गिळून पुढे जातो.

याचा अर्थ नाताळ आपला सण आहे असा होत नाही. हजरत ईसा यांना आपण पैगंबर मानतो, ते त्यांना ईश्वराचा पुत्र मानतात. हा फरक मोठा आहे आणि तो पुसण्याची गरज नाही. मावशींनाही तो माहीत आहे. त्यांनी मला कधी उपासनेला चल म्हटलं नाही, मी त्यांना कधी नमाजाला बसा म्हटलं नाही. शुभेच्छा देण्याबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, तेही मला माहीत आहेत. ज्यांना शब्दांची अडचण वाटते त्यांनी नुसतं 'सण आनंदाचा जावो' म्हणावं. पण शेजारणीची करंजी खाल्ल्याने तौहीद डळमळत असेल, तर ती करंजीच्या आधीच डळमळलेली होती.

खाण्यातही नियम आहेतच. सगळ्याच नाताळच्या केकात संत्र्याचा रस नसतो. पुष्कळ ठिकाणी सुका मेवा रममध्ये भिजवतात. अशा वेळी विचारावं. न विचारता नाकारण्यापेक्षा विचारून खाणं किंवा विचारून न खाणं केव्हाही बरं. "यात दारू आहे का?" हा प्रश्न अपमानाचा नाही. उपवासाच्या दिवशी हिंदू मैत्रीण विचारते, "यात कांदा-लसूण आहे का?" त्याचा आपल्याला राग येतो का?

आता दुसरी बाजू. माझ्या मते ही जास्त गंभीर आहे.

आपल्या हातचं खाऊ नका असं सांगणारे मेसेज गेली काही वर्षं या देशात फिरताहेत. मुसलमान थुंकून देतात, मुसलमान भाजीवाल्याकडून घेऊ नका, अमक्या हॉटेलात जाऊ नका. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाण्याच्या दुकानांवर मालकाचं नाव लावण्याचे आदेश निघाले. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम स्थगिती दिली. पाटी लावायची की नाही एवढाच तो प्रश्न नव्हता. अन्न कसं आहे हे न बघता ते कुणाच्या हातचं आहे हे आधी बघा, असं लोकांना सांगितलं जात होतं. तेव्हा आपल्याला काय वाटलं होतं, ते आठवा. मला वर्गात शिकवताना घसा दाटून आल्यासारखं झालं होतं. माझ्या शाळेतल्या मुलींच्या आया डबे करून पोरांना वाढवतात. त्यांच्या हातांबद्दल हे बोललं जात होतं.

आणि त्याच समाजातली मी. मावशींच्या हातचं न बघता पिशवीत भरून देऊन टाकलं होतं. माझं कारण वेगळं होतं, भाषा सभ्य होती, मी कुणाला मेसेज पाठवला नव्हता. पण ताट पुढे करणाऱ्या बाईला त्यातला फरक कसा कळणार? तिला एवढंच दिसलं, की कालपर्यंत आपल्या हातचं खाणारी पोर आज खात नाही.

ज्या समाजाला आपलं अन्न संशयाने बघितलं जाण्याचं दुःख माहीत आहे, त्याने दुसऱ्याच्या अन्नाकडे तसं बघू नये. मला एवढंच म्हणायचं आहे.

यावर काही जण म्हणतील, ताटं फिरवून काय होतं? पिढ्यान् पिढ्या ताटं फिरत होती, तरी दंगली झाल्याच. हे खरं आहे. करंजीने दंगल थांबत नाही. पण अफवा पहिल्यांदा कानावर येते तेव्हा ती खरी मानायची की नाही, हे आपण आपल्या अनुभवावरून ठरवतो. ज्याने आयुष्यभर शेजारच्या घरचं खाल्लं आहे त्याला 'ते लोक थुंकून देतात' हे पटवणं अवघड जातं. ज्याने कधीच खाल्लेलं नाही त्याला काहीही पटवता येतं. ताट बंद झालं की तेवढी जागा अफवेला मोकळी होते.

काही जण म्हणतील, हे सगळं गावात चालतं, शहरात कोण करंज्या करत बसतो? तर पाहा, नाताळचं घरचं गोडधोड आपल्या भागातच आहे असं नाही. गोव्यात या गोडाधोडाला कुस्वार म्हणतात. नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंजीची सख्खी बहीण. कुलकुल, पिठाच्या गोळ्या काट्याच्या पाठीवर दाबून शिंपल्यासारख्या वळायच्या आणि तळायच्या. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि काळ्या गुळाचा तासन् तास घोटलेला दोदोल. एकेक थर भाजत चढवलेली बिबिंका. तिथेही हे शेजाऱ्यांकडे ताटातून जातं आणि चवथीला, दिवाळीला हिंदू शेजाऱ्यांकडून ताट येतं. वसईवर १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांचं राज्य होतं, पण तिथल्या ख्रिस्ती घरांत सामवेदी आणि वाडवळी बोलीच टिकल्या. आमच्या नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. 'ज्ञानोदय' १८४२ साली इथूनच निघालं. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भजनं आणि कीर्तनं मराठी वळणात आणली. आणि घराघरांतल्या बायकांनी तेच काम स्वयंपाकघरात केलं. धर्म बदलला म्हणून चकलीचा सोऱ्या कुणी फेकून दिला नाही.

आपलंही तसंच आहे. शीरखुर्मा हा शब्द फारसी आहे, पण त्यात चारोळी घालणारा हात मराठी आहे. आपण मराठी मुसलमान सारखे सांगत असतो, की आम्हाला अरबस्तानातून आलेलं समजू नका, आमची बोली, आमची भाकरी याच मातीतली आहे. मग मराठी ख्रिस्ती माणसालाही तोच न्याय लावायला हवा. त्याचा नाताळ विलायतेचा नाही. तो आपल्या शेजारच्या स्वयंपाकघरात भाजणीच्या वासाने सुरू होतो.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे, आणि तो माझ्या सूनबाई होण्याच्या वयाच्या भाचीने घेतला. ती म्हणाली, "खाला, घरचं घरचं म्हणता, पण रात्री बारापर्यंत चुलीपाशी कोण असतं?" बरोबर आहे. अम्मीची आणि मावशींची कंबर या सणांनीच मोडली. घरच्या फराळाची महती सांगणारे लेख लिहायचे आणि फराळ बायकांनी करायचा, हे मला नको आहे. त्यामुळे माझी अट आहे. घरचं करायचं असेल तर घराने करायचं. ताट छोटं असलं तरी चालेल. पाच पदार्थ नकोत, एकच पुरे.

गेल्या वर्षी तेवीस डिसेंबरला मी माझ्या मुलाला बरोबर घेतलं आणि न सांगता मावशींकडे गेले. तो अकरावीत आहे. मावशींची बोटं आता संधिवाताने वाकली आहेत, कातण धरता येत नाही. मुलगा पुण्यात, सून नोकरीला, ते चोवीसला रात्री येणार होते. मावशी एकट्याच परात घेऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, मावशी, सारण कुठंय?

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "मोहन मी घातलंय. तू तुझ्या अम्मीसारखं ओतू नको."

आम्ही तीन तास बसलो. मुलाच्या पहिल्या दहा करंज्या तळताना फुटल्या, सारण तेलात गेलं. मावशी म्हणाल्या, "असू दे, फुटक्या आपल्याला, चांगल्या ताटाला." मध्येच मी त्यांना त्या वर्षाचं खरं सांगितलं, की मला ताप नव्हता. त्यांनी मान वर केली नाही. पाऱ्या एकावर एक ठेवत म्हणाल्या, "माहीत आहे गं. शिक्षिका होते मी, खोटं बोलणारी पोरं ओळखते." आणि थोड्या वेळाने, "पण आलीस ना."

पंचवीसला ताट आलं. तेच स्टीलचं, वर क्रोशाचा रुमाल. मुलाने ते आणून ओट्यावर ठेवलं आणि मी काही म्हणायच्या आत विचारलं, "यात परत काय घालायचं?" मी त्याला डब्यातले खजूर काढायला सांगितले.

यंदा तो मेसेज पुन्हा येईल. या वेळी मी त्याखाली लिहिणार आहे. वाद घालणार नाही, सूरा माइदाचा अर्थ वाचा एवढंच सांगणार आहे, आणि मावशींच्या ताटाचा फोटो टाकणार आहे. २०३३ साली पुन्हा डिसेंबरच्या शेवटाला नाताळ आणि रमजान ईद दोन-तीन दिवसांच्या अंतराने येतील. तोवर मावशी असतील की नाही, अल्लाहला ठाऊक. मुलाला पाऱ्या लाटायला मात्र शिकवून ठेवलं आहे.